न उडवलेला बार

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या नागफणी नागरी सहकारी पतसंस्थेचे चेअरमन सोपानराव पडवळ साहेब. ज्यांचा सत्कार सत्कारमूर्तींच्याही आधी उरकण्यात आला ते प्रमुख पाहुणे. खुर्च्यांपेक्षा संख्येने जास्त असलेलं संचालक मंडळ. आजचे सत्कारमूर्ती, या संस्थेत तेवीस वर्षं नोकरी करून आज निवृत्त होणारे श्री. केरबा ओव्हाळ, म्हणजे आपले केरबाभाऊ. त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि मघापासून माझ्याकडे एकदाही न पाहिलेल्या त्यांच्या पत्नी येसूबाई. तिसऱ्या रांगेत कर्मचाऱ्यांमध्ये बसलेल्या श्रीमती अनिता तिकोणे. आणि लोणावळा, मळवली, भाजे, पवनानगर इथून आलेल्या सभासद बंधू-भगिनींनो, सगळ्यांना नमस्कार.

निवेदकांनी माझी ओळख 'खुमासदार लेखणीचे धनी' अशी करून दिली. गेली बावीस वर्षं मी इथल्या कॉलेजात मराठी शिकवतो आणि 'घाटमाथा' साप्ताहिकात दर शुक्रवारी लोकांची टिंगल करतो. पहिल्या कामाचा गावाला काही उपयोग झाला असेल. दुसऱ्याबद्दल आज बोलायचं आहे. सोपानरावांनी फोनवर बजावलं होतं, "सर, हलकंफुलकं बोला. निरोप समारंभ म्हटला की लोक उगाच गळा काढतात. मंडळींनी हसत हसत वडा खाल्ला पाहिजे." साहेब, वडा उत्तम असणार, खालून वास येतोच आहे. हसण्याचं मात्र मला सांगता येत नाही.

माझ्याआधी आठ वक्ते बोलले. केरबाभाऊ प्रामाणिक आहेत, वक्तशीर आहेत, कधी आवाज चढवला नाही, सायकलस्टँडवर कुणाची गाडी कधी पडू दिली नाही. सगळं खरं आहे. पण मंडळी, एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? हा माणूस या संस्थेत गनमन म्हणून लागला होता आणि आठ भाषणांत 'बंदूक' हा शब्द एकदाही आला नाही. आचाऱ्याच्या निरोपाला कुणी जेवणाचं नाव काढलं नाही, तर परक्या माणसाने काय समजायचं? कार्यक्रमपत्रिकेत अकरा भाषणं छापली आहेत. सत्कारमूर्तींच्या उत्तराला जागा उरलेली दिसत नाही. छपाईवाल्याची चूक असेल असं मी धरून चालतो.

तेव्हा बंदुकीबद्दल मीच बोलतो. खरं म्हणजे तो अधिकार माझा नाही. पण ज्यांचा आहे ते बोलणार नाहीत, हे मला तेरा वर्षांत कळून चुकलं आहे.

इथे बरीच तरुण मंडळी आहेत, त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. केरबाभाऊ भाज्याचे. सतरा वर्षं फौजेत काढून ते परत आले आणि स्वतःच्या परवान्याची दुनळी बंदूक घेऊन या संस्थेच्या दारात स्टुलावर बसले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक चमत्कारिक उद्योग केला. शाखा बंद झाल्यावर ते दारापासून कॅशच्या काउंटरपर्यंत पावलं टाकत जायचे, मागे यायचे, मान तिरपी करून बघायचे. सगळ्यांना वाटलं, फौजेतून आलेला माणूस आहे, काहीतरी कवायत चालली असेल. ते बघत होते, की इथून बार उडवायची वेळ आलीच, तर मारायच्या माणसाच्या मागे काय असेल. कॅशच्या मागे तिजोरीच्या खोलीची जाड भिंत होती. ती त्यांना पसंत पडली. त्या भिंतीपुढचं पाण्याचं पिंप त्यांनी हलवून घेतलं, एक खुर्ची हलवून घेतली आणि श्रीपतरावांना, म्हणजे त्या वेळच्या मॅनेजरसाहेबांना, सांगितलं, "साहेब, ह्या भितीम्होरं कुनी बसायचं न्हाई. येवडी जागा मोकळी पायजे."

श्रीपतराव आज हयात नाहीत. त्यांनी ती जागा मोकळी ठेवली, आणि मग ती मला दिली.

तुम्ही सगळे हे जाणता. आपल्या गावात काउंटरला बाहेरची बाजू आहे आणि आतली बाजू आहे. बाहेर रांग असते. आत ओळख असते. 'आत येण्यास सक्त मनाई' ही पाटी ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठी असते. सरपंच आत, डॉक्टर आत, कॉलेजातले सर आत. मी दर गुरुवारी दुपारी पासबुक भरायच्या निमित्ताने यायचो, काउंटरची फळी उचलून आत जायचो आणि त्या मोकळ्या जागेत, भिंतीला टेकून, स्टुलावर बसून चहा प्यायचो. सरकारी कार्यालयांतल्या वशिलेबाजीवर माझे निम्मे लेख त्या स्टुलावर सुचले आहेत.

केरबाभाऊ दर वेळी हटकायचे.

"सर, हितं बसू नका."

"का हो, इथे काय बॉम्ब पुरलाय?"

"हितं माझी भित हाय, सर."

"भिंत ठेवीदारांची आहे, केरबाभाऊ. तुम्ही फक्त दाराचे मालक."

सगळे हसायचे. केरबाभाऊही हसायचे, पण नजर भिंतीवर ठेवून. सगळ्यात मोठ्याने हसायचा कॅशियर, कैलास तिकोणे. पवनानगरचा कैलास. धरणातले मासे डब्यातून आणायचा आणि केरबाभाऊंना अर्धे दिल्याशिवाय स्वतः खायचा नाही. तोच मला म्हणायचा, "बसा हो सर, चहा गार व्हतोय. आमच्या केरबाला सगळीकडं दरोडेखोर दिसत्यात." आणि केरबाभाऊंना, "काय रं, उडतीया का तरी ती तुझी बंदूक?"

"उडू न्हाई म्हनूनच बाळगलीया, कैलासभाऊ."

हा संवाद दर गुरुवारी व्हायचा.

दोन हजार बारा साली, दिवाळीनंतरच्या गुरुवारी, दुपारी सव्वा एकला, बाहेर एक मोटरसायकल थांबली. चालवणारा गाडी चालू ठेवून बसला. मागचा हेल्मेट न काढता आत आला, काउंटरवर हात टेकून पलीकडे उडी मारली आणि जॅकेटमधून कोयता काढला. कैलासने गल्ल्याच्या किल्ल्या मुठीत धरल्या. 'सोड त्या!' असं मीही मनातल्या मनात त्याला पुष्कळदा सांगितलं आहे. तो ऐकत नाही.

केरबाभाऊ उठले होते. बंदूक खांद्याला होती. दहा-बारा पावलांचं अंतर. "सोड त्याला!" एवढं ते ओरडले, आणि हेल्मेटमधून आवाज आला, "मार की! मार!"

सोपानराव, आपली चिठ्ठी मिळाली. 'विषयाला धरून बोला.' धरूनच बोलतोय, साहेब. तेरा वर्षं सोडून बोलत होतो.

त्या हेल्मेटवाल्याच्या खांद्यामागे, भिंतीला टेकून, मी बसलो होतो. हातात कपबशी होती. केरबाभाऊ दोनदा ओरडले, "खाली बसा! सर, खाली बसा!" माझं डोकं वीतभर खाली आलं असतं तरी त्यांना भिंत मोकळी मिळाली असती. मी ऐकलं. मला शब्द कळले, त्यांचा अर्थ कळला, ते मलाच उद्देशून आहेत हेही कळलं. मी हललो नाही. त्या वेळी मी काय करत होतो, हे पुढे मी स्वतःला शेकडो वेळा विचारलं. मी बशी दोन्ही हातांनी धरून होतो. चहा सांडला नाही, एवढं मला पक्कं आठवतं.

कोयता खाली आला.

तो माणूस पुन्हा उडी मारून केरबाभाऊंच्या बाजूने दाराबाहेर पळाला. हाताला काहीही न लागता पळाला. आता त्याची पाठ केरबाभाऊंच्या समोर होती आणि पुढे बाजारपेठ. केरबाभाऊंनी बंदूक खाली ठेवली आणि काउंटरच्या आत धावले. आपल्या शर्टाने कैलासची मान दाबून धरली. सोमाटण्याच्या पुढे कुठेतरी, अँब्युलन्समध्ये, त्यांच्या हाताखालीच कैलास गेला. ते दोघे चोर आठ दिवसांनी उर्से टोलनाक्यावर सापडले, जन्मठेप भोगतायत. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं पुढचं आहे. पोलीस यायच्या आधी श्रीपतरावांनी माझ्या हातातली कपबशी काढून घेतली आणि मागचं दार उघडलं. "सर, निघा. तुम्ही आज आलाच नव्हता. बाहेरचा माणूस आत होता हे कागदावर आलं तर माझी नोकरी जाईल." मी निघालो. घरी गेल्यावर मला वाटलं, आपण एका गरीब माणसाची नोकरी वाचवली. माणसाचं डोकं किती झटपट काम करतं बघा! तासाभरापूर्वी तेच डोकं वीतभर खाली येत नव्हतं.

चौकशी समिती बसली. तिने केरबाभाऊंना विचारलं, "हातात भरलेली बंदूक असताना बार का उडवला नाही?"

"मागं मानूस व्हतं, साहेब."

"कोण माणूस?"

"दिसलं न्हाई."

"दिसलं नाही, मग माणूस होतं हे कसं कळलं?"

तीन कर्मचाऱ्यांनी लिहून दिलं, की काउंटरच्या आत बाहेरचं कुणीही नव्हतं, कारण नियमाप्रमाणे कुणाला आत येता येत नाही. आता नियमाप्रमाणे येता येत नाही म्हणजे कुणी आलं नव्हतं, हा युक्तिवाद जगात फक्त चौकशी समितीलाच पटू शकतो. तो पटला. कॅमेरा होता, पण तो दिवाळीपासून बंद होता. निष्कर्ष लिहिला गेला: 'आरोपीच्या मागे कोणीही नव्हते. रक्षकाची गाळण उडाली. कर्तव्यात कसूर.' केरबाभाऊंनी आपली बंदूक स्वतः नेऊन पोलीस ठाण्यात जमा केली आणि परवाना परत दिला. संस्थेने त्यांना सायकलस्टँडवर बसवलं. आज अंगाला न पुरणारी शाल ज्या मापाने दिली, त्याच मापाने तेव्हा न्यायही दिला म्हणायचं.

आणि गावात जे व्हायचं ते झालं. काही शहाण्यांनी मेलेल्याची जात आणि न मारणाऱ्याची जात शेजारी शेजारी मांडून त्यातून अर्थ काढला. तो मी इथे उच्चारणार नाही. काढणाऱ्यांपैकी तिघे-चौघे सभागृहात आहेत, त्यांना तो पाठ आहे.

पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, 'घाटमाथ्या'त माझा लेख आला. मथळा होता, 'शोभेची बंदूक'. मी लिहिलं होतं, की आमच्या पतसंस्थेत एक बंदूक आहे, ती दसऱ्याला झेंडू घालून पूजेला बसते आणि दरोडा पडला की इतरांना सांगते, खाली बसा! लेख फार गाजला. त्या वाक्यावर लोकांनी रस्त्यात थांबवून मला टाळ्या दिल्या. 'खाली बसा' हे कुणाला म्हटलं होतं, ते श्रीपतराव आणि लिहून देणारे तिघे सोडले, तर या गावात दोनच माणसांना माहीत होतं. एक सायकलस्टँडवर बसला होता. दुसरा टाळ्या घेत होता.

मी तो लेख का लिहिला? कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगतो. घाबरलेला माणूस शोधायला लोक निघाले होते. ते माझ्यापर्यंत यायच्या आत मी त्यांना दुसऱ्याचं घर दाखवलं. त्यानंतर केरबाभाऊंना लोक 'शोभाताई' म्हणायला लागले. मळवली स्टेशनावर पोरं म्हणायची, बाजारात बाया म्हणायच्या, येसूबाईंच्या देखत म्हणायच्या. तो शब्द मी दिला होता. बावीस वर्षांत माझा एवढाच शब्द लोकांच्या तोंडी बसला.

गेल्या महिन्यात संस्थेने मला आजचं आमंत्रण दिलं आणि मी भाज्याला गेलो. पश्चात्ताप वगैरे झाला म्हणून गेलो असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण मी गेलो तो भाषणासाठी चार गमती गोळा करायला. केरबाभाऊ अंगणात बसले होते. त्यांनी उठून खुर्ची पुढे केली. येसूबाई बाहेर आल्या, मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि नवऱ्याला विचारलं, "ह्योच का त्यो?"

केरबाभाऊ खुर्ची पुसायला लागले.

"तेरा वर्सं इचारतीया मी, मागं कोन व्हतं, मागं कोन व्हतं. ह्यांच्या तोंडातनं नाव न्हाई निघालं. आन तुमी पेपरात छापत व्हता. तवाच मी वळखलं. 'खाली बसा' येवडं ज्याला ठावं हाय, त्यो तितंच आसनार."

"येसे, च्या ठेव," केरबाभाऊ म्हणाले.

"ठिवते की. सांडत न्हाईत ना हे?"

म्हणजे बाईला तेही माहीत होतं. नवऱ्याने नाव सोडून बाकी सगळं सांगितलं होतं.

मी विचारलं, "केरबाभाऊ, समितीपुढे माझं नाव का नाही घेतलंत?"

"घिऊन काय व्हनार व्हतं, सर? कैलासभाऊ उटून बसला आसता का? मानूस दगड व्हतं कदी कदी. फौजेत चांगली चांगली झालेली बघितल्यात मी. त्यो गुना न्हाई."

"पण तुम्हाला शिक्षा झाली."

"मला दोन मान्सांतलं येक निवडायचं व्हतं. त्याची शिक्षा व्हयाचीच."

मग त्यांनी मला कायदा सांगितला. कॉलेजात शिकवणाऱ्या मला, अंगणात बसून, सायकलस्टँडवाल्याने. मंडळी, तो तुम्हीही ऐका, कारण आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो, की बंदूक हातात असली म्हणजे कायदा आडवा येतो. तसं नाही. आपला किंवा दुसऱ्या कुणाचाही जीव वाचवायचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिलेला आहे. समोरचा ठार मारील किंवा जबर जखमी करील अशी रास्त भीती असेल, तर त्याचा जीव घेण्यापर्यंत तो हक्क जातो. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि धोका टळला की हक्कही टळला. "पाठ फिरली की संपलं," केरबाभाऊ म्हणाले. "लोक म्हनत्यात, पळताना तरी मारायचा. कशापायी? कैलासभाऊ खाली पडला व्हता. मग ते वाचवनं न्हाई, सर, त्यो निस्ता सूड."

आणि यापुढचं कलम मला माहीत नव्हतं. चौकशीनंतर वडगाव कोर्टातल्या प्रदीप वकिलांनी ते केरबाभाऊंना वाचून दाखवलं होतं. जुन्या दंड संहितेत एकशे सहा, नव्या न्याय संहितेत चव्वेचाळीस. आकडा बदलला, मजकूर तोच. जीवघेणा हल्ला होतो आहे आणि बचाव करताना एखाद्या निरपराध माणसाला इजा होण्याचा धोका पत्करावाच लागतो आहे, तर कायदा तो धोका पत्करायची मुभा देतो. म्हणजे त्या दिवशी केरबाभाऊंनी बार उडवला असता, चोराबरोबर मी मेलो असतो, तरी कायद्याने त्यांना मोकळं सोडलं असतं.

मी म्हणालो, "हे तुम्हाला तेव्हा माहीत असतं तर?"

"तर बी न्हाई मारला आसता."

"का?"

"दुनळीतनं छर्रा सुटतो, सर. त्यो येका जागी जात न्हाई. त्याच्या खांद्यामागं तुमचं डोस्कं व्हतं. कायद्यानं मला सोडलं आसतं, ते बरूबर हाय. पर तुमच्या घरी सांगाया कोन गेलं आसतं?" मग ते म्हणाले, "आन तरी बी कैलासभाऊच्या घरी सांगाया मीच गेलतो. बरूबर केलं का चुकलं, ते मला आजून कळलं न्हाई. रोज इचारतो. येसूला ठावं हाय."

मी म्हणालो, मी समारंभात सगळं सांगतो. ते हात जोडायला लागले. "नका सर. आता कशाला? मानसं तुमाला जगू द्यायची न्हाईत."

आतून येसूबाई म्हणाल्या, "आन तुमाला दिलं का?"

म्हणून मी बोलतोय. केरबाभाऊंनी नको म्हटलं होतं, हे सगळ्यांनी ऐकून ठेवा. आज पाचला त्यांची नोकरी संपते आणि सर्व्हिस बुक बंद होतं. त्यात लिहिलेलं आहे, की मागे कुणी नव्हतं. ते बंद झालं की तेच खरं होईल. श्रीपतराव गेले. 'आत कुणीच नव्हतं' असं लिहून देणाऱ्या तिघांपैकी दोघे इथे आहेत, त्यांची नावं मी घेणार नाही. केरबाभाऊंकडून एवढं तरी शिकलो. पण उद्यापासून हे सांगू शकणारा, आणि सांगायला बांधलेला, मीच उरतो. अध्यक्षसाहेब, काल वडगावला जाऊन मी प्रतिज्ञापत्र केलं, ते हे. मी आत होतो, कुठे बसलो होतो, मला काय सांगितलं गेलं आणि मी काय केलं नाही, सगळं त्यात आहे. तो शेरा खोडायला ठराव लागतो म्हणतात. संचालक मंडळ व्यासपीठावर सगळंच्या सगळं हजर आहे. इतकी उपस्थिती बैठकीलाही नसते.

अनितावहिनी, आता तुमच्याशी बोलतो. कैलासच्या जागी तुम्ही नोकरीला लागलात. तेरा वर्षं रोज सकाळी तुम्ही स्कूटर लावता आणि केरबाभाऊंकडे न बघता आत जाता. तुम्ही त्यांना एकच वाक्य बोलला आहात, तेही त्या दिवशी, ते निरोप घेऊन आले तेव्हा, तुमच्या दारात. "भाऊ, तुमच्या हातात बंदूक होती ना?" त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही, कारण उत्तरात माझं नाव होतं. पावसाळ्यात तुमच्या गाडीच्या सीटवर कुणीतरी प्लॅस्टिक बांधून ठेवतं, तुम्ही ते सोडून बाजूला ठेवता. ते कोण बांधतं, हे तुम्हाला माहीत असेल, नसेल.

होती, वहिनी. त्यांच्या हातात बंदूक होती, भरलेली होती, रोखलेली होती. ती माझ्यामुळे थांबली. मी त्या जागेवर नसतो तर बार उडाला असता. कैलास वाचलाच असता, असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायचा हक्क कुणालाच नाही. पण त्याला वाचवायचा जो एक क्षण होता, तो मी अडवून बसलो होतो. त्याने मला स्वतः आत बोलावलं होतं, हे तुम्हाला सांगू नये असं वाटत होतं. पण आता काही लपवायचं नाही, म्हणून तेही सांगितलं.

तुम्ही उठलात. बसा म्हणणार नाही. जायचं असेल तर जा, वाट सोडा त्यांना… नाही? बरं.

टाळ्या नकोत, मंडळी. कृपा करा. माझ्या टाळ्या मी तेरा वर्षांपूर्वी आगाऊ घेतल्या आहेत.

आवरतो. संयोजकांनी मला बोलावलं, अध्यक्षांनी चार चिठ्ठ्या पाठवूनही माईक बंद केला नाही, प्रमुख पाहुण्यांनी घड्याळाकडे फक्त दोनदा पाहिलं, आणि आपण सगळ्यांनी वडा गार होऊ दिला, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. भाषण लांबलं, समारंभाचा बेरंग झाला, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाचं नको तिथे घेतलं असेल, त्याबद्दल मोठ्या मनाने क्षमा करावी.

इथून मागायची क्षमा तेवढीच. दुसरी एक आहे, ती मी व्यासपीठावरून मागणार नाही. गळ्यात हार घातलेल्या माणसाकडे भरसभेत माफी मागितली की त्याला ती द्यावीच लागते. तसं करून केरबाभाऊंना मी पुन्हा एकदा कोंडीत पकडणार नाही. उद्या सकाळी मी आधी पवनानगरला जाईन, मग भाज्याला. दाराबाहेर उभा राहीन, हाक मारीन. दार उघडायचं की नाही, ते आतल्या माणसांनी ठरवावं. नाही उघडलं, तर परवा पुन्हा येईन.